हात कुणाचा

उलाने क्रोशाची सुई मुठीत धरली, लहान मूल चमचा धरतं तशी, आणि पहिलीच साखळी इतकी सैल घातली की तिच्यातून करंगळी आरपार गेली असती.

"सावकाश होऊ द्या," आल्डोना म्हणाली. "घाई नाही."

आल्डोना खालच्या गावातल्या कचेरीतून आली होती. शाळेत ती आणि उला एका बाकावर बसायच्या, पण आज ती सरकारी कामाला आली होती, म्हणून 'तुम्ही'. चूल पेटलेली होती, आंबट कोबीचं सूप रटरटत होतं, खिडकीच्या काचा वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या. तरी तिने कोट काढला नव्हता. गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावून ती बाकावर बसली होती. शेजारी गिझेला मावशी, दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवून. खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत तिमेक, उलाचा मुलगा. नऊ वर्षांचा. तो आईच्या हातांकडे बघत होता.

उलाला एक पान विणून दाखवायचं होतं, बस्स.

आमच्या डोंगरात लेस कुणाची यावरून भांडण लागलं तर कागद कुणी मागत नाही. दोघींनी जाणत्या बाईसमोर बसायचं आणि एकेक पान विणायचं. नमुने कुणी कधी लिहून ठेवलेले नाहीत. आईच्या बोटांतून लेकीच्या बोटांत येईल तेवढंच, आणि येता येता प्रत्येकीचं काहीतरी वेगळं होतं. कुणी खांब ओढून घेते, कुणी देठाला बाक देते. जाणती बाई पान उजेडाला धरते आणि सांगते, हात कुणाचा. त्यावर पुढे बोलायचं नसतं. फरक एवढाच, की आजवर अशा परीक्षेला बसलेली प्रत्येक बाई लेस आपली आहे हे दाखवायला बसली होती.

हे सगळं झालं गिझेला मावशीच्या कौतुकापायी. ऑगस्टात देवळाची जत्रा भरली, तेव्हा ओतिलियाच्या दुकानात मावशीने एक टेबलावरचं कापड उचललं, उजेडाला धरलं आणि भर गर्दीत ओरडली, "अगं बाई, हा तर उलाचा हात! देठ बघा कसा वळवलाय. माझ्याकडे शिकलीय पोर!" चाळीस वर्षं तिने सगळ्या डोंगरातले हात ओळखले होते. शिष्येचा हात समोर आला, आणि जीभ राहिली नाही. ओतिलियाने कापड हातातून काढून घेतलं, पण शब्द कुठून काढून घेणार? सोमवारपर्यंत ते उतरत उतरत कचेरीत जाऊन पोचले.

तिमेकला एकट्याला सोडता येत नाही. घास अडकतो, झटका येतो, मान एका बाजूला पडली तर श्वास कोंडतो. म्हणून आईने घरी राहायचं, आणि घरी राहण्याबद्दल सरकार तिला दर महिन्याला मदत देतं. अट एकच: दुसरं काम करायचं नाही. तासभरही नाही, एक रुमालही नाही. अर्धी मदत आणि अर्धं काम असं कायद्यात काही नव्हतं. नवरा नॉर्वेला मासे कापायला गेला होता. पहिली दोन वर्षं पैसे पाठवायचा, मग नुसत्या शुभेच्छा, मग त्याही नाहीत. उलाने एकदा आल्डोनालाच विचारलं होतं, "मदत सोडून दिली आणि लेसवर जगायचं ठरवलं तर?" आल्डोनाने खरं ते सांगितलं होतं. "उन्हाळ्यात जगशील, उला."

हिवाळ्यातही पाहुणे येतात आमच्याकडे, पण बर्फावर घसरायला. टेबलावरचं कापड घेऊन कोण घसरतं?

म्हणून तिमेकचा डोळा लागला की उला विणायची. तो मांडीवर असेल तर त्याच्या पाठीमागून हात पुढे घेऊन विणायची. ओतिलिया ते आपलं म्हणून विकायची आणि अर्धे पैसे ठेवून घ्यायची. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. वाण्याच्या दुकानात ज्या बायका म्हणायच्या, "तुझं बरं आहे बाई, बसल्या जागी सरकार भरवतंय, आम्हाला मेलं कोण विचारतंय," त्यांच्याच लेकींच्या लग्नातले हातमोजे उलाने विणलेले होते. नाव मोठ्याने कुणी घेत नव्हतं तोवर कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

वाईट विणणं इतकं अवघड असेल असं उलाला वाटलं नव्हतं. बोटं ऐकत नव्हती. सुई मुठीत धरली तरी अंगठा हळूच आपल्या जागेवर सरकायचा आणि एक खांब ताठ उभा राहायचा, सुरेख. मग त्याच्या शेजारी दोन मुद्दाम लंगडे घालायचे. धागा घामाने काळपट झाला.

तिमेक कण्हला.

बोलता त्याला येत नव्हतं, पण या हातांची चाल त्याला पाठ होती. इतर मुलं अंगाईवर झोपतात, तो सुईच्या टोकाकडे बघत झोपायचा. अंग आखडलं की उला सुई त्याच्या डोळ्यांसमोर आणून विणायची, आणि मुठी हळूहळू सुटायच्या. आज ती चाल मोडत होती. त्याचा पाय खुर्चीच्या दांडीवर आपटायला लागला. आवाज चढला. नजर आईच्या बोटांवरून हलेना.

"काय होतंय त्याला?" आल्डोनाने विचारलं.

"भूक," उला म्हणाली. मान वर केली नाही.

गिझेला मावशी उठली. "भूक कसली. ऊन येतंय पोराच्या डोळ्यांवर." तिने खुर्ची फिरवली आणि तिमेकचं तोंड भिंतीकडे केलं.

बाहेर सकाळपासून ढग होते. आल्डोनाने खिडकीकडे बघितलं, मग आपल्या वहीकडे.

तिमेकची पाठ झाल्यावर चुका करणं सोपं गेलं. उलाला सगळ्यांत जास्त लागलं ते हेच.

पान झालं. पान कसलं, शेळीने चघळून टाकलेला पाला. मावशीने ते तळहातावर घेतलं आणि अंगठ्याने चाचपलं.

"तुझ्या आईने हे बघितलं असतं ना, तर चुलीत घातलं असतं," ती म्हणाली. "आणि पाठोपाठ तुला. तिचा हात होता. मी शिकवायला काही कमी केलं नाही गं, आल्डोना. पण दगडाला किती घासायचं?"

"म्हणजे जत्रेतलं ते कापड हिचं नाही."

"हे बघून तूच सांग."

आल्डोनाने पेन बोटांत फिरवलं. "मावशी, मी लिहीन. पण वर साहेब विचारतील. तेही इथलेच आहेत. ते म्हणतील, गिझेलाबाईने आजवर एकही हात चुकीचा सांगितला नाही, मग नेमका हाच कसा चुकला? भर गर्दीत, छातीठोक?"

भांड्यावरचं झाकण वाफेने थडथडत होतं. उठून ते कुणी सरकवलं नाही. उलाला वाटलं, आता सांगून टाकावं. तोंड उघडलंही.

"डोळे गेले माझे," मावशी म्हणाली.

"काय?"

"गेल्या हिवाळ्यापासून. घरीसुद्धा बोलले नाही. कापड नाकाला लावलं तरी नुसतं पांढरं दिसतं. अंदाजाने ठोकून देते, लोक माना डोलावतात. लिही तसं."

"मावशी, अहो..." उला म्हणाली.

"तू गप. तुला विणता येत नाही, मला दिसत नाही. दोघी कामातून गेलेल्या."

"मग हे पान आत्ता कसं कळलं तुम्हाला?" आल्डोनाने हळूच विचारलं.

"हे? हे आंधळ्यालाही कळेल, बाळ. बोटाला टोचतंय."

आल्डोना हसली नाही. तिने लिहिलं. खूप वेळ लिहिलं, जेवढं लिहायला लागायला नको होतं तेवढं. मग वही मिटून ती तिमेककडे गेली, खुर्ची पुन्हा खोलीकडे वळवली आणि त्याच्या गालाला हात लावायला वाकली. चुलीच्या उबेने तिने वरचं एक बटण केव्हातरी सोडलं असावं. कोटाच्या गळ्यातून पांढऱ्या लेसची कॉलर बाहेर डोकावली. बारीक पानं, देठांना डावीकडे बाक. ईस्टरच्या आधी उलाने तिमेकच्या तापातल्या रात्री जागून ती पुरी केली होती.

उलाने बघितलं. उला बघतेय हे आल्डोनाने बघितलं, आणि बटण लावलं.

"गुरुवारी सांस्कृतिक केंद्रात शिकवणी असते," दारात ती म्हणाली. तिथे ती 'तू'वर आली. "जायचं असलं तर जा, उला. शिकायला बंदी नाही. फक्त कमवायला."

"कोण शिकवतं?"

"ओतिलियाबाई."

मावशीला खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ खोकत राहिली.

मदत चालू राहिली. ओतिलिया पुढच्या आठवड्यात आली, तिमेकसाठी मधाची वडी घेऊन. बसली, सूप प्यायली, कचेरीला चार शिव्या दिल्या. मग विणलेलं गाठोडं उलगडून बघता बघता म्हणाली, "उला, यापुढे अर्धं नाही हं जमायचं. तिसरा हिस्सा देईन."

"का, ताई?"

"जोखीम कुणाची? आणि आता तर सरकारदरबारी नोंद आहे, तुला विणता येत नाही. म्हणजे हात माझाच झाला की." ती मनापासून हसली. तशी वाईट नव्हती ती. तिलाही तीन नातवंडं होती.

उलाने गाठोडं बांधून दिलं.

पुढच्या जत्रेत सासू-सुनेचं भांडण लागलं. सून म्हणजे मार्ता, मावशीच्या हाताखाली शिकलेली शेवटची पोर. नुकतीच घरातून वेगळी निघालेली, पोटुशी. देवळात वाहायला ठेवलेलं मोठं कापड सासू म्हणे माझं, मार्ता म्हणे माझं. त्याच्यावर शहरातल्या दुकानाचं मोठं काम मिळायचं होतं, जिचं कापड तिला. दोघींनी मांडवात बसून एकेक पान विणलं, आणि सवयीने सगळ्यांची तोंडं गिझेला मावशीकडे वळली.

"अहो, त्यांना कुठे दिसतंय आता," कुणीतरी म्हणालं. मायेनेच म्हणालं. मावशीला बसायला सावलीत खुर्ची दिली होती, गुडघ्यांवर शाल घातली होती, हातात लिंबाचं सरबत दिलं होतं. वर्षभर तिला असंच वागवत होते. रस्ता ओलांडताना कुणीतरी धावत येऊन दंड धरायचं, आणि ती धरू द्यायची.

कापड ओतिलियाच्या हातात गेलं. तिने ते उजेडाला धरलं, या बाजूने, त्या बाजूने. एक पान लावून बघितलं, दुसरं लावून बघितलं. सासू तिच्या दुकानाला माल पुरवायची.

"सासूबाईंचा हात," ती म्हणाली.

उला मांडवाच्या कडेला तिमेकची खुर्ची धरून उभी होती. तिथूनही दिसत होतं. प्रत्येक पाकळीच्या टोकाशी मार्ता धागा एकदा जास्त आवळायची, लहानपणापासून. मावशी त्यावरून तिला रागवायची आणि नंतर रागवायची थांबली होती, कारण ते चांगलं दिसायला लागलं होतं. उलाने मावशीकडे बघितलं. सरबताचा पेला तिच्या हातात तिरपा झाला होता आणि शालीवर सांडत होता.

उला खाली वाकली आणि तिमेकच्या गळ्यातला रुमाल नीट करायला लागली.

मार्ता गर्दीतून वाट काढत मावशीच्या खुर्चीपाशी आली आणि गुडघ्यांवर बसली. कापडाचं टोक तिने मावशीच्या हातात कोंबलं.

"मावशी, दिसत नसलं तर नसू दे. बोटं लावून सांगा. तुम्हीच शिकवलंय मला. एकदा बोटं लावून सांगा ना."

गर्दीत आल्डोना होती, तिचे साहेब होते. मावशीची बोटं कापडावर क्षणभर थांबली, एका पाकळीच्या टोकाशी. मग तिने ते टोक मार्ताच्या हातात परत दिलं आणि चेहरा वर केला, पोरीच्या डोळ्यांच्या जरा बाजूला.

"कोण गं तू?" तिने विचारलं.