टाकीवरचे दोन पट्टे

नर्सबाईंनी भाच्याच्या शेडमध्ये पाऊल टाकलं आणि त्यांना वाटलं, आपल्या मोटरसायकलला अपघात झालाय.

पुढचं मडगार्ड नव्हतं. मागचंही नव्हतं. आरसे, कॅरियर, चेनवरचं झाकण, सगळं गायब. ऐसपैस सीटच्या जागी एक अरुंद फळी होती आणि तिच्यावर कसलंसं तपकिरी कातडं ठोकून बसवलेलं. हेडलाइट मुठीएवढा. आणि टाकी! ज्या टाकीवर त्यांनी सव्वीस वर्षांत तीळभर गंज बसू दिला नव्हता, त्या टाकीला गोवर आल्यासारखे लाल चट्टे उठले होते.

"काय झालं रे हिला?" त्यांनी घाबरून विचारलं.

"झालं नाही मावशी, केलंय!" भाचा म्हणाला. त्याचा चेहरा असा फुलला होता, जणू शाबासकीच मिळाली.

या भाच्याला घरात सगळे खटपट्या म्हणत. सत्तावीस वर्षांचा घोडा, फरशांच्या दुकानात नोकरी, आणि उरलेला सगळा वेळ काहीतरी खोलून ठेवण्यात. खोललेलं परत जोडलं गेल्याचं मात्र कुणाच्या ऐकिवात नव्हतं. महिन्यापूर्वी तो म्हणाला होता, "मावशी, तुझी गाडी जिन्याखाली कुजतेय. मला दे. मी मस्त करून देतो, खर्च माझा." निवृत्त होऊन नर्सबाईंना तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून गाडी आच्छादनाखाली झाकून उभी होती. मस्त करून देतो म्हणजे कुठल्याही शहाण्या माणसाला जे वाटेल तेच त्यांना वाटलं. इंजिनाची साफसफाई, काळाभोर रंग, टाकीच्या कडेने सोनेरी रेघ. दर रविवारी सकाळी एक फेरी मारायची, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

"हा गंज कुठून आला?"

"मीठ आणि व्हिनेगर. भिजवलेल्या फडक्यात टाकी तीन दिवस गुंडाळून ठेवली."

"लोणचं घातलंस तिचं?"

"अगं, आधी रंग खरवडला, मग—"

"आणि वर चकाकतंय ते काय?"

"लॅकर. गंज आणखी पुढे जाऊ नये म्हणून."

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे आधी रोग लावायचा, आणि मग तो वाढू नये म्हणून औषध द्यायचं. तुझ्यासारखे चार जण आमच्या खात्यात असते तर कल्याण झालं असतं."

खटपट्याने समजावून सांगितलं. हल्ली अशीच पद्धत आहे. जुनी गाडी घ्यायची, नको ते सगळं काढून टाकायचं, नुसती हाडं ठेवायची, आणि ती अशी दिसली पाहिजे की पन्नास वर्षं उन्हापावसात काढलीत. नवीन काही विकत घ्यायचं नाही, भंगारात मिळेल त्यातून जमवायचं. हँडल एका मोडक्या व्यायामाच्या सायकलचं होतं. मागचा दिवा ट्रॅक्टरचा. सीटचं कातडं नर्सबाईंनी निरखून पाहिलं.

"ही माझ्या बहिणीची पर्स आहे."

"आईला सांगू नकोस हं."

"आणि ऊन-पावसाळे म्हणशील, तर काढलेच आहेत की तिने! मी स्वतः काढलेत तिच्याबरोबर!"

"हो, पण ते दिसत नव्हतं ना," खटपट्या म्हणाला. "तू फार पुसायचीस तिला."

नर्सबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. खात्याने त्यांना फिरतीसाठी सायकल दिली होती, आणि त्या भागातले चढ असे, की सायकलवर बसण्यापेक्षा ती ढकलण्यातच जन्म गेला असता. म्हणून त्यांनी ही गाडी घेतली, दोन हातांतून फिरून आलेली. पहिली दोन वर्षं लोक हसले. बाईमाणूस किक मारतंय म्हणून पोरं मागे धावायची. तिसऱ्या वर्षी तेच लोक रस्त्यात गाडी अडवून विचारायला लागले, बाई, आमच्याकडे कधी येताय? या गाडीला त्या दर रविवारी रॉकेलच्या फडक्याने पुसत. हौस म्हणून नव्हे. गाडी बंद पडली तर वरच्या वस्त्यांवरची पोरं लशीवाचून राहतील म्हणून. आणि हा म्हणतो, फार पुसायचीस!

एवढा राग आला होता तरी त्या तिथून तडक निघाल्या नाहीत, याचं कारण टाकीच्या माथ्यावर होतं. तिथे आडवे दोन पट्टे होते, दोन-दोन बोटं रुंद, रंग झिजून धातू उघडा पडलेले आणि हाताला आरशासारखे गुळगुळीत. लशीची बर्फाची पेटी त्या टाकीवर दोन जाड कापडी पट्ट्यांनी बांधत, त्याच्या या खुणा. खटपट्याने तेवढ्या भागाला हात लावला नव्हता. मीठ नाही, व्हिनेगर नाही, काही नाही.

"ते तसेच ठेवलेत," तो म्हणाला. "पेटीचे ना? माहितीये मला."

नर्सबाईंनी निम्मा राग गिळला. उरलेला निम्मा धाकट्या बहिणीने त्याच दिवशी फोन करून गिळायला लावला. "ताई, जाऊ दे गं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काहीतरी पुरं केलंय. रविवारी प्रदर्शन आहे, स्पर्धा आहे. ते होऊन जाऊ दे, मग तुला हवी तशी करून घे."

रविवारी सकाळी दोघी बहिणी प्रदर्शनाला गेल्या. गाड्यांच्या एका मोठ्या दुकानामागचं पटांगण होतं. पन्नासेक मोटरसायकली रांगेत उभ्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या तरी नदीतून उपसून काढल्यासारख्या दिसत होत्या. कमी खर्चातल्या गाड्यांचा गट कोपऱ्यात होता. खटपट्या इस्त्रीचा शर्ट घालून गाडीशेजारी उभा होता. धाकटीने लगेच फोन काढून त्याचं चित्रीकरण सुरू केलं.

गाडीपुढे एक फलक होता. नर्सबाईंनी चष्मा लावून तो वाचला.

'जुन्या गोदामात सापडलेली. मूळ मालक: युद्धात निरोप पोहोचवणारा एक सैनिक. या गाडीवरची प्रत्येक खूण रणांगणावरची आहे.'

त्यांनी तो पुन्हा वाचला. न जाणो, दुसऱ्याच गाडीचा असेल.

"कोण रे हा सैनिक?"

"मावशी, हळू बोल," खटपट्या कुजबुजला. "गाडीला काहीतरी गोष्ट लागते. त्याचे वेगळे गुण असतात."

"मग हिला गोष्ट नव्हती?"

"होती गं. पण..." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "बाळांना सुया टोचत फिरणं, त्यात लोकांना काय वाटणार? ऐकायला काही दम नाही त्यात."

दम नाही! गुडघाभर चिखलातून गाडी ढकलताना जो लागतो तो दम नव्हे? सुईवाली आली म्हणून दारं लावून घेणाऱ्या बायकांच्या उंबऱ्यावर तास-तास बसून, बर्फ वितळायच्या आत त्यांना राजी करण्याला काय लागतं मग? नर्सबाई तोंड उघडणार तेवढ्यात परीक्षक आले. धाकटीने त्यांचा दंड धरून त्यांना दोन पावलं मागे ओढलं. "ताई, प्लीज. दहा मिनिटं."

परीक्षक साठीचे होते, नीटनेटके. गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं. त्यांनी फलक वाचला, मान डोलावली आणि वाकून गाडी तपासायला लागले. टाकीच्या दोन्ही बाजूंना गुडघ्यांपाशी खटपट्याने पॉलिश पेपरने रंग घासला होता. परीक्षकांनी तिथून बोट फिरवलं.

"वा! हे बघा, गुडघ्यांचं घासणं. याला म्हणतात खरी झीज. वर्षानुवर्षं बसल्याशिवाय अशी येत नाही."

खटपट्या लाजला. नर्सबाईंनी मनात म्हटलं, गुडघे कुणाचे? माझे तर वीतभर मागेच राहायचे. हे सहा फुटी माणसाचे गुडघे आहेत आणि तो माणूस हा असा समोर उभा आहे.

परीक्षक टाकीच्या माथ्यावर आले. भिंग लावलं. भुवया वर गेल्या. त्यांनी त्या दोन पट्ट्यांवर पेनाने टकटक केलं.

"हे मात्र फसलंय. इतकं सरळ, इतकं सारखं? गाडी अशी झिजत नसते. आणि इथे, टाकीच्या माथ्यावर, घासणार काय? हे उघड उघड बनावट वाटतं. थोडं जास्तच केलंत तुम्ही."

खटपट्याने पट्ट्यांकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं, परीक्षकांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"हो सर," तो म्हणाला. "तिथे जरा हात जड पडला माझा."

नर्सबाईंनी दंड सोडवून घेतला.

"हात जड पडला खरा," त्या म्हणाल्या. पटांगणात ऐकू जाईल असा त्यांचा आवाज होता. वस्तीच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या आयांना हाक मारून कमावलेला. "पण ह्याचा नाही, माझा. सव्वीस वर्षं. काय घासणार म्हणून विचारलंत ना? लशीची पेटी. मागे बांधली की खड्ड्यांत बाटल्या फुटायच्या, म्हणून पुढे, दोन कोपरांच्या मध्ये. सकाळी बांधायची, वस्ती आली की सोडायची, पुन्हा बांधायची. दिवसाला आठ वेळा. आणि सरळ आहेत म्हणता? सरळच असणार! तिरकी बांधली तर पेटी घसरणार, झाकण उघडणार, बर्फ जाणार, आणि पंचवीस पोरांची लस वाया जाणार. ह्याने केलं ते तुम्हाला खरं वाटलं आणि मी केलं ते बनावट! कसलं भिंग लावलंय तुम्ही?"

आजूबाजूची माणसं जवळ सरकली. परीक्षक गोंधळले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी खटपट्याला सरळच विचारलं, "हे खरं आहे का?"

तेवढा एक क्षण होता. नर्सबाई भाच्याकडे बघत होत्या, आणि त्यांना खरोखर वाटलं, आता हा हो म्हणेल. चूक कबूल करेल, कान पकडेल, आपण दोन शब्द सुनावू आणि विषय संपेल.

खटपट्या परीक्षकांकडे बघून ओशाळवाणं हसला. "माझी मावशी आहे सर. वय झालंय. गाडीच्या बाबतीत जरा हळवी आहे."

नर्सबाईंना आयुष्यात लोकांनी नाही नाही ते म्हटलं होतं. आगाऊ म्हटलं होतं, पुरुषी म्हटलं होतं, एकदा एका आजोबांनी काठीही उगारली होती. पण असं प्रेमाने, हसून, जमलेल्या माणसांसमोर कुणी त्यांना मोडीत काढलं नव्हतं. त्यांना मोठ्याने ओरडावंसं वाटलं. पण बघणाऱ्याला तोही हळवेपणाच वाटणार, हे कळून त्यांना आणखीच राग आला.

धाकटीने फोन खाली केला. चित्रीकरण चालूच होतं. त्यात नंतर सगळ्यांचे बूट दिसले.

"मी ह्याची आई," ती परीक्षकांना म्हणाली. तिचा आवाज ताईसारखा मोठा नव्हता. "ही गाडी माझ्या ताईची आहे. सैनिक-बिनिक कुणी नाही. हा दीड महिन्याचा होता तेव्हा ह्याच्या मांडीत पहिली सुई ताईने टोचली. ती लस त्या दोन पट्ट्यांत बांधलेल्या पेटीतून आली होती. बाहेर पाऊस होता आणि ही चिंब भिजलेली, पेटी मात्र कोरडी. हे ह्याला माहीत आहे. मीच शंभर वेळा सांगितलंय."

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं आणि नर्सबाईंना म्हणाले, "बाई, माफ करा. गुणांचं काय लिहू ते तुम्हीच सांगा."

"काही लिहू नका. ही गाडी स्पर्धेत नाही." त्यांनी भाच्यापुढे हात पसरला. "किल्ली."

"मावशी, ऐक ना—"

"किल्ली."

दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. बसायला फळी टोचत होती, हँडल इतकं खाली होतं की पाठ मोडून आली, आणि फाटकाबाहेरच्या पहिल्याच डबक्यात मडगार्ड नसलेल्या चाकाने चिखलाची रेघ त्यांच्या मानेपर्यंत उडवली. नर्सबाई घरापर्यंत मोठमोठ्याने बोलत गेल्या. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने वळून पाहिलं तर त्यालाही दोन शब्द मिळाले.

धाकटी उगवली ती थेट संध्याकाळी. चपला काढून भिंतीला टेकून बसली.

"इतका वेळ कुठे होतीस?"

"तिथेच. खुर्ची टाकून बसले, बंद होईपर्यंत. फलक काढू दिला नाही मी त्याला. जागा रिकामी आणि समोर फलक. जो येई तो वाचून विचारी, गाडी कुठाय? दर वेळी त्याला सांगायला लावलं. हे लिहिलंय ते खोटं आहे, गाडी मावशीची, झीज लशीच्या पेटीची. पुटपुटला की मी म्हणायचे, मोठ्याने सांग."

नर्सबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. मानेवरचा चिखल त्यांनी अजून पुरता धुतला नव्हता.

"रडला का?"

"आधी नाही. गुर्मीतच होता. मग एक मुलगी आली, कडेवर तान्हं बाळ. तिने विचारलं, कसली पेटी? आणि ह्याला सांगताच येईना."

नर्सबाई उठल्या आणि त्यांनी दिवा लावला.

"उद्या सकाळी पाठव त्याला," त्या म्हणाल्या. "पॉलिश पेपर घेऊन. सगळा गंज उतरेपर्यंत चहासुद्धा मिळणार नाही म्हणावं."