पहिल्या शुक्रवारचे भाव

आमच्या शुक्रवारच्या बाजारात दुकानं एकेचाळीस. किराणा सहा, मिरची-मसाला चार, बाकी भाजी आणि भांडी. मी भाव टिपते त्या जिनसा सत्तावीस.

या भावांवर गावाची मजुरी चालते. घट बसायच्या आदल्या दिवशी पारावर कापूस वेचणीचा दर ठरतो. वर्षात बाजार जेवढा चढला, तेवढाच दर चढवायचा. भावांची वही अभिमननानांकडे असायची. नव्वद बिघे कापूसही त्यांचाच. गेल्या वर्षी त्यांनी वहीचं पहिलं पान फाडून नवं लिहिलं, सुरुवातीचेच भाव वाढवून, म्हणजे वर्षाची वाढ दिसायलाच नको. माझी आई द्रौपदाबाई म्हणाली, तेव्हा तेल एवढं महाग नव्हतं.

"द्रौपदे, तुले आकडा वाचता येतस का?" नाना सगळ्यांदेखत हसले.

दर दहा रुपये किलोच राहिला. आई त्या दिवशी जेवली नाही.

मी नुकतीच बीएस्सी झाले होते. पुढच्याच शुक्रवारी मी नवी वही फोनमध्ये सुरू केली. वेचणाऱ्या बारा बायांच्या फोनांत तीच वही, आणि प्रत्येक शुक्रवारच्या नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा. याला ब्लॉकचेन म्हणतात. जुना आकडा कोणी हलवला, की सगळे फोन जुळवताना त्याच्या फोनवर तिथून पुढचं सगळं लाल होतं, खाली नाव आणि वेळ.

"माले बी जोड त्यामा," नाना म्हणाले. "मनाबिगर गावनं काय चालस?"

"जोडसू ना, नाना."

तेरावा फोन त्यांचा. जुना आकडा कसा बदलतात, तेही मीच दाखवलं. लाल होतं, ते सांगितलं नाही.

यंदा पारावर नानांनी फोन पुढे केला. "देख पोरी. भाव वाढनातच नही."

त्यांच्या फोनात पहिल्या शुक्रवारी तेल एकशे साठ, बाकी बारांत एकशे चाळीस. मी तेराही फोन सतरंजीवर मांडले आणि जुळवणी सुरू केली.

"फोन बिघडी गया व्हई," नाना म्हणाले.

"बारा चांगला अन तुमनाच बिघडना?" बेबाबाई म्हणाली. ती आईसोबत वेचणीला जाते. "अन खाले तुमनंच नाव कसं काय शे?"

आईने नानांचा फोन उचलून डोळ्यांजवळ नेला.

"मंगळवार. दोन वाजी अकरा मिनिट," तिने सावकाश वाचलं. "आकडा वाचता येतस माले, नाना."

बारा फोनांवर वर्षाची वाढ चौदा टक्के. नानांच्या फोनवर बावन्न नोंदींपैकी लाल बावन्न. वेचणीचा दर, किलोला अकरा रुपये चाळीस पैसे.