आधीचंच पत्र

“त्या सहा ओळी तुझ्याच ना?” साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं. “पोस्टमास्तरीणबाई, मानलं बुवा तुला!”

हे नाव तिला ऑफिसनेच ठेवलेलं. ईमेल पाठवणारी लायब्ररी ती दोन वर्षं रचत होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची कपाटं नव्हेत, इतर प्रोग्रामरांनी आयता उचलून वापरायचा कोड. पत्रागणिक नवं कनेक्शन उघडायचं नाही, एकाच फेरीत शेकडो पत्रं पोचवायची. कनेक्शन मध्येच तुटलं की तेच पत्र पुन्हा जाई आणि लोक बोंब मारत. म्हणून तिने त्या सहा ओळी लिहिल्या. पाठवणारा तोच, घेणारा तोच, मजकूरही तोच असेल, तर पत्र गाळायचं.

टाळ्या पडत असतानाच तिच्या फोनवर पत्र आलं. बाबांचं! एकोणीस दिवस गप्प राहून आज.

गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि बाबांची वाचा गेली. तिने त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं. तिथल्या कॉम्प्युटरवर एका बोटाने ते रोज एवढंच लिहीत, ‘मी बरा आहे. तू जेवलीस का?’ ती उत्तर देई, ‘जेवले, बाबा.’ मग पत्रं थांबली. म्हातारा रुसला, असं तिने धरलं. नेऊन टाकल्यावर रुसेल नाही तर काय करेल! लायब्ररीने डोकं वर काढू दिलं नाही हे खरं, पण तोंड दाखवायचा धीरही तिला होत नव्हता.

आजची ओळ होती, ‘मी बरा नाही. तू जेवलीस का?’

ती जिन्यात पळाली. वृद्धाश्रमाच्या नर्सला फोन लावला.

“तुम्हालाच लावणार होते, ताई. आत्ताच हॉस्पिटलात हलवलं. शुद्ध नाहीये.” मग नर्सला राहवलं नाही. “रोज लिहीत होते हो तुम्हाला. एका ओळीचं उत्तर द्यायला काय झालं होतं? संध्याकाळपर्यंत स्क्रीनसमोरून हलायचे नाहीत.”

“रोज?”

“एक दिवस चुकला नाही.”

बाहेर देण्याआधी पारखावी म्हणून वृद्धाश्रमाच्या कॉम्प्युटरवर लायब्ररी तिनेच ऑफिसात बसून चढवली होती, वीस दिवसांपूर्वी. तिने फोनवरच लायब्ररीच्या नोंदी उघडल्या. पहिलं पत्र गेलं होतं. त्याखाली, ‘आधीचंच पत्र. गाळले.’ पुन्हा तेच. पुन्हा तेच. एकोणीस वेळा.

बाप बरा असल्याची खबर तिनेच अडवली होती. ‘आहे’चं ‘नाही’ झालं म्हणून आजचं पत्र सुटलं.

“साहेब, त्या सहा ओळी काढतेय,” ती आत येऊन म्हणाली.

“वेड लागलंय का? लोकांना तेच तेच पत्र दोनदा जाईल!”

“जाऊ दे,” ती म्हणाली. “दहादा जाऊ दे.”

हॉस्पिटलात बाबांच्या नाकाला नळी होती. ते टाइप करायचं बोट चादरीवर सरळ पडलं होतं. घटका भरत आली होती, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

ती त्यांच्या कानाशी वाकली. “जेवले, बाबा.”

थोडं थांबून पुन्हा, “जेवले, बाबा.”

पाचव्यांदा म्हटल्यावर बाबांसोबत आलेल्या वृद्धाश्रमाच्या नर्सने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “ऐकलं असेल हो त्यांनी. बसा आता.”

“चौदा उत्तरं राहिलीत अजून,” ती म्हणाली आणि पुन्हा वाकली.

“जेवले, बाबा.”

कालपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.