निशाण लंडनला गेलं

हेडन प्रॉबर्ट लॉर्ड होणार, ही बातमी आली तेव्हा वेल्समधल्या कुमहेलिग या खाणगावची माणसं चक्क नाचली. ज्या हेडननं संपाचं अख्खं वर्ष खाणीच्या फाटकावर उभं राहून "लॉर्डांची सभा मोडीत काढा" म्हणून घसा फोडला, तोच आता लाल झूल पांघरून लंडनच्या संसदेतल्या त्या सभेत बसणार. वर किताब काय, तर 'कुमहेलिगचे लॉर्ड प्रॉबर्ट'! गावाला विचारलंय कुणी? पण छे. "आपला माणूस, वेल्सचा मान!" म्हणत सगळे हुरळले. नेस्टाही हुरळली होती, आणि आता त्या आठवणीनंसुद्धा तिला किळस येत होती.

मग हेडननं युनियनचं निशाण मागितलं. खाण कधीच बुजली, पण निशाण कामगारांच्या हॉलमध्ये जपून ठेवलेलं होतं. लाल रेशमाचं, सोनेरी अक्षरांचं, भिंतभर मोठं. लंडनच्या एका हॉटेलात पक्षानं हेडनसाठी जेवण ठेवलं होतं, तिथं त्याला ते पाठीमागं लावायचं होतं. हॉलमध्ये बैठक झाली. टाळ्यांच्या कडकडाटात निशाण द्यायचं ठरलं. विरोधात हात वर झाला तो एकट्या आयव्हरचा, नेस्टाच्या नवऱ्याचा. नाकात ऑक्सिजनची नळी, छातीत जन्मभराची कोळशाची धूळ, पण हात ताठ.

"काय रे आयव्हर, लघवीला जायचंय का?" मागून कुणीतरी ओरडलं. हॉल खो खो हसला.

"तिकडे इंग्लंडच्या राजाशी इमान राखायची शपथ घेणार, आणि म्हणे वेल्सचा मान!" आयव्हर धापा टाकत म्हणाला. "आपलं निशाण आपल्या मेलेल्या माणसापुढं चालतं रे. जेवणाऱ्यांच्या मागं टांगायचा पडदा आहे का तो?"

"पुरे की आता," नेस्टानं त्याची बाही ओढली. "चारचौघांत शोभा नको."

पंधरवड्यात आयव्हर गेला. जाताना त्यानं एकच मागणं मागितलं होतं, की निशाण पुढं असू दे. कुमहेलिगमध्ये तशीच रीत होती. पुढं निशाण, मागं बँड, त्यामागं शवपेटी. जो संपात शेवटपर्यंत टिकला, त्याचाच तो हक्क. आयव्हर तर उपाशीपोटी टिकला होता.

अंत्यविधी गुरुवारी ठरला. नेस्टानं हेडनला फोन लावला.

"नेस्टा, अगं ऐकून फार वाईट वाटलं बघ," हेडन म्हणाला. "गुरुवारी मी जातीनं येतो ना. पण निशाणाचं जरा अवघड आहे. शुक्रवारी जेवण आहे, निशाण भिंतीवर चढवलंय, कॅमेरेवाले सगळं मोजून गेलेत. पुढच्या आठवड्यात नाही का घेता येणार अंत्यविधी?"

"आयव्हरला सांगू का, अजून थोडा थांब म्हणून?"

"तसं नव्हे गं. थांब, मी एक नक्कल करून पाठवतो. हुबेहूब! पक्षाच्या खर्चानं. कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही."

नेस्टानं फोन आपटला. बाजारात एका कोबीऐवजी दुसरा द्यावा तसं बोलत होता मेला. एकेकाळी आयव्हरच्या पानातली अर्धी भाकर खाल्लेला माणूस!

बुधवारी नक्कल आली. चकचकीत प्लास्टिक, आणि खालच्या कोपऱ्यात, जेवणाचा खर्च उचलणाऱ्या विमा कंपनीचा शिक्का. हॉल सांभाळणारा म्हातारा तुडर ते दोन बोटांत धरून उभा राहिला.

"शेगडीत घाल ते," नेस्टा म्हणाली.

"जळत नाही गं हे धड. नुसती घाण सुटेल." त्यानं ते बाहेर कचऱ्याच्या डब्यात कोंबलं. "पण मग पुढं काय चालवायचं? आयव्हर असा बोडका जाणार?"

"निशाणाच्या काठ्या कुठायत?"

"काठ्या? त्या काय, इथंच आहेत. लंडनला भिंत आहे, काठ्या कशाला लागतात त्यांना?"

"काढ मग बाहेर."

गुरुवारी चॅपलपुढं गाव जमलं. निशाणाच्या दोन उंच काठ्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यामध्ये काहीच नव्हतं. एक काठी तुडरच्या हातात, दुसरी नेस्टाच्या. पाद्रीबाबा खाकरले. कबरीपर्यंत फक्त पुरुषांनी जायचं, बायकांनी मागं राहून आल्यागेल्यांच्या फराळासाठी हॅम कापायचं, चहा टाकायचा, असं तिथं वाडवडिलांपासून चालत आलेलं.

"नेस्टाबाई, तुम्ही घरीच..."

"हॅम कापायला दुसरं कुणी बघा, बाबा. आज मला वेळ नाही."

तेवढ्यात काळी गाडी थांबली. हेडन उतरला. टायवर वेल्सचं चिन्ह, सोन्याचा ड्रॅगन, मागं फोटोवाला. उघड्या काठ्या बघून त्याचा चेहरा पडला.

"हे काय मांडलंस, नेस्टा? माझं हसं करतेस का? नक्कल कुठाय?" मग आवाज मऊ करून तो पुढं सरकला. "आण ती काठी. इतकी वर्षं मीच धरलीय ती. आयव्हर माझा दोस्त होता गं."

नेस्टानं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. शाळेपासून ती त्याला अरेतुरे करत आली होती.

"लॉर्डसाहेब, तुम्ही मागं चला."

"मागं? म्हणजे बँडच्या?"

"बँडच्या मागं, पेटीच्या मागं, कुत्र्यांच्याही मागं. निघ रे तुडर."

बँडनं सूर धरला. फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला, तर हेडननंच घाईनं त्याचा हात खाली दाबला. काठ्या चढावर निघाल्या. वारा दोन काठ्यांमधून आरपार जात होता, आणि दारादारांत उभी असलेली माणसं त्या मोकळ्या जागेतून थेट आयव्हरच्या पेटीकडं बघत होती. टोप्या उतरल्या.

कोपऱ्यावरच्या घरातली मेगन म्हातारी मात्र बैठकीला नव्हती. तिला काय ठाऊक! ती उंबऱ्यातून ओरडली, "अगं बाई! निशाण कुठाय? कुणी नेलं आपलं निशाण?"

शेजारची माणसं खाली बघायला लागली. एकानं दोन्ही हात खिशात घातले. नेस्टाचे खांदे भरून आले होते, पण तिनं काठी जराही कलू दिली नाही.

"कुणी नेलं नाही, मेगनबाई," ती सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी म्हणाली. "आपणच दिलं. टाळ्या वाजवून दिलं."