ताईच्या वाटणीचा पाव

ताईचा धाकटा भाऊ मिशनरी होऊन परदेशी गेला आणि तिथेच तापानं वारला. त्याला संतपद मिळावं म्हणून त्याच्या धर्मसंघानं कंबर कसली होती. चौकशीला आलेल्या फादरांनी ताईला विचारलं, "लहानपणापासूनच दानशूर होते ना ते? दारच्या भिकाऱ्याला घासातला घास काढून द्यायचे म्हणे."

"द्यायचा की! पण घास माझा असायचा, फादर. स्वतःचा पाव गिळायचा आणि माझा उचलून न्यायचा. वर आई माझ्यावरच डाफरायची, 'शीक जरा धाकट्याकडून!'"

फादर गोड हसले. "म्हणजे दोघांचंही मन मोठं!"

पालथ्या घड्यावर पाणी! ताईनं कपाळाला हात लावला. जाताना फादरांनी चित्रकाराला दाखवायला भावंडांचा लहानपणीचा एकुलता एक फोटो मागून नेला.

यथावकाश संतपद जाहीर झालं आणि धर्मसंघाच्या चॅपेलमध्ये मोठं चित्र लागलं. ताईला मानानं पहिल्या बाकावर बसवलं. चित्रात भाऊ गोरागोमटा, डोक्यामागे सोनेरी वलय, हातात पाव. पुढ्यात फाटक्या कपड्यांतली एक भिकारी पोर हात पसरून उभी. पोरीचा चेहरा ताईनं लगेच ओळखला. तिचाच होता तो, फोटोतला, हनुवटीवरच्या वणासकट.

"भिकारणीच्या तोंडावरची भूक कशी हुबेहूब उतरलीय, नाही?" फादर कानाशी कुजबुजले.

"उतरणारच," ताई म्हणाली. "खरीच होती ती."

तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पाव अजून त्याच्याच हातात होता.