पद्मिनीमावशींची सही

रेणूने लेकीला, इलाला, आधीच पढवून ठेवलं होतं. "अडलीस तर मला मराठीत विचार. तिथे कुणाला कळतंय?" गोल्फमध्ये खेळाडूने बाहेरच्या माणसाला सल्ला विचारायचा नसतो, विचारला तर दोन फटके दंड म्हणून वाढतात, आणि ज्याचे फटके कमी तो पुढे. हे तिला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. पण इथे अमेरिकेत, ट्रॉय गावातल्या दुकानात, लिफ्टमध्ये, डॉक्टरकडे आपण लोकांच्या तोंडावर मराठीत वाट्टेल ते बोलतोच की! त्यातलंच हे एक, असं बाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आणि स्पर्धेच्या दिवशी इलाच्या ग्रुपचा स्कोअर लिहायला आल्या कोण, तर पद्मिनीमावशी.

आता मावशी कोण, हे सांगायलाच हवं. वय ब्याऐंशी, अंगाने काटकुळ्या, डोक्यावर नातवाची टोपी. १९६९ साली नागपूरहून नवऱ्यामागोमाग मिशिगनला आल्या. श्रीरामकाका मोटार कंपनीत इंजिनिअर, सुट्टीला साहेबाबरोबर गोल्फ खेळायचे आणि मावशी मागून त्यांची बॅग ओढायच्या. एक दिवस म्हणाल्या, "ओढायची मी, तर मारून पण मीच बघते." आणि मारला की हो! चेंडू काकांच्या चेंडूपुढे तीस यार्ड. काकाही दिलदार माणूस, दुसऱ्या दिवशी बायकोसाठी हातमोजे घेऊन आले.

त्या वेळी या क्लबच्या दारावर पाटी होती. शनिवारी सकाळी बायकांना मनाई. पुरुषांचं आटोपलं की दुपारी एकनंतर या म्हणे! मावशी दर शनिवारी सकाळी सात वाजता त्या पाटीखाली येऊन उभ्या राहायच्या. साडीवर स्वेटर, पायात खिळ्यांचे बूट, खांद्याला बॅग. भांडण नाही, तंटा नाही. कुणी हटकलं तर "मी थांबते" एवढंच. दोन उन्हाळे थांबल्या बाई! आधी त्यांच्याशेजारी चार गोऱ्या बायका येऊन उभ्या राहिल्या, मग अकरा. शेवटी क्लबने हात टेकले आणि पाटी उतरवली. त्यानंतर बायकांची पहिली स्पर्धा झाली, ती मावशींनीच मारली. आज मुली तिथे शनिवारी सकाळी बिनदिक्कत खेळतात, त्या मावशींच्या जिवावर.

रेणूला हे सगळं तोंडपाठ. मंडळाच्या गणपतीत मावशींचा सत्कार तिनेच केला होता आणि भाषण करता करता रडलीही होती. म्हणून मावशींच्या हातात स्कोअरचं कार्ड दिसलं, तसा तिचा जीव भांड्यात पडला. आपलंच माणूस!

पहिल्या तिघी राज्य पातळीवर जाणार होत्या. इला चार वर्षं थंडीवाऱ्यात, बोटं फुटेस्तोवर राबली होती ती एवढ्यासाठीच. शेवटच्या होलला ती तिसरी होती, चौथीपेक्षा फक्त एका फटक्याने पुढे. वारा समोरून सुटलेला. पोरगी बॅगेतल्या दोन क्लबांवर, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांवर, हात ठेवून घुटमळली आणि दोरीपलीकडे उभ्या आईकडे तिने पाहिलं. एरवी घरात 'मराठीत बोल गं बाई' म्हणून हिच्या पाया पडावं लागतं, ती कार्टी अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली, "आई, सहा की सात?"

"सहा," रेणू पुटपुटली.

इलाने सहा नंबर काढला. फटका काय बसला, वा! चेंडू वारा कापत गेला आणि झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला. पुढच्या फटक्यात आत. मुलगी तिसरी! रेणूने तिथल्या तिथे देवाला हात जोडले. मावशी हातातल्या कार्डाकडे बघत होत्या.

खेळ आटोपला आणि स्कोअर जमा करायच्या तंबूत टेबलावर कार्ड ठेवलं. मावशींची सही, मग इलाची, की संपलं. मावशींनी पेन्सिल टेकवली. टेकवली ती तिथेच राहिली.

"मावशी, करा ना सही, मागे लाइन लागलीय," रेणू म्हणाली.

इलाने आईकडे पाहिलं, मग मावशींच्या त्या थबकलेल्या हाताकडे. आणि हळूच म्हणाली, "मावशी, ॲड टू. आय आस्क्ड आई."

मावशींनी आकडा खोडला, नवा लिहिला, सही केली. इलाने खाली नाव घातलं, बॅग उचलली आणि मान खाली घालून गाडीकडे गेली. एका फटक्याने चौथी.

मग रेणूचा जो भडका उडाला! "मावशी, ऐकणाऱ्या तिथे फक्त तुम्ही अन् मी! मुकाट्याने सही केली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? तुम्ही थांबलात म्हणून ती घाबरली. आपल्याच पोरीचं नुकसान केलंत!"

मावशी खुर्चीत बसल्या. टोपी काढली. एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या.

"काहून ओरडतेस? मी थांबले नव्हते गं. मी सही करणारच होते."

रेणूने खुर्ची ओढली आणि समोर बसली.

"पाटी उतरली ना, तेव्हापासून हे क्लबवाले सगळे मी कधी लबाडी करते याचीच वाट बघत बसले होते. एक चूक, की म्हणाले असते, बघा, बायकांना आत घेतलं त्याचं फळ. पन्नास वर्षं मी एका खोट्या आकड्याखाली नाव घातलं नाही. आणि आज म्हटलं, आपली पोर आहे, एवढी राबलीय, कुणाला कळतंय?" मावशींनी टेबलावरची पेन्सिल बाजूला सारली. "हात चालत नव्हता, इतकंच. तिने बोलून वाचवलं मला."

कुणाला कळतंय! आपलेच शब्द मावशींच्या तोंडून ऐकले आणि रेणूला लाज वाटली. नुसती लाज नाही, धडकीच भरली. क्लबातल्या त्या सगळ्या बाप्यांना पन्नास वर्षांत जे जमलं नव्हतं, ते ती प्रेमापोटी एका दुपारी करून बसणार होती.

"मावशी, चुकलं माझं," ती म्हणाली. डोळे भरून आले होते.

"मला काय सांगतेस? ती बघ, गाडीपाशी उभी आहे." मावशींनी टोपी परत डोक्यावर चढवली. "तिला सांग जा. आणि मराठीत सांग. तिला चांगलं समजतं."