क्राउन की सेड्रिक

लोधिवलीला पदू मिस्त्रीच्या शेडमध्ये दोन जपानी गाड्या उभ्या होत्या. एक टोयोटाची क्राउन, दुसरी निसानची सेड्रिक. दोन्ही मुंबईतल्या कुठल्याशा वकिलातीने वापरून विकलेल्या. कर्जतचे तात्या वकील त्यांतली एक घेणार होते, आणि कुठली ते नामाने सांगायचं होतं. अठ्ठावीस वर्षं तोच त्यांची गाडी चालवत होता.

क्राउनचे गिअर आपोआप बदलत. ती आली तर तात्यांची लेक मालती स्वतः चालवणार, नामाची सुट्टी. सेड्रिकला हाताचे गिअर. ती आली तर नामा राहणार. तात्यांनी हे सकाळीच सरळ सांगितलं होतं. नामाला राग आला नाही. गुडघे केव्हाचे थकले होते. पण घरी बसून खायचं काय?

आधी क्राउन बोरघाटात फिरवली. नामाचा डावा पाय उगाच क्लच शोधत राहिला.

"लोण्यावानी चालती," तो खरं तेच बोलला. "पर चढाला जरा इचार करती, अन् वळणाला डुलती."

मग सेड्रिक. ती धाप न लागता वर गेली.

"आपल्या जुन्या गाडीनं हितं दोन डबे पानी मागितलं असतं, तात्या."

"नामाकाका, आज हिचीच वकिली चाललीय!" मागच्या सीटवरून मालती हसली.

खंडाळ्याहून परतताना उतार लागला, तसा नामाचा हात सवयीने किल्लीवर गेला. पेट्रोल वाचावं म्हणून उताराला इंजिन बंद करायचं, ही त्याची जुनी रीत. जुन्या गाडीचं त्याने काही बिघडत नसे. इथे दोनदा ब्रेक लागला, तिसऱ्यांदा पाय दगडावर पडल्यासारखा झाला. समोर वळण. नामाने दोन्ही पाय रोवले आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, ब्रेक लागला. कठडा हातभर अंतरावर राहिला.

"हिला ब्रेकच नाहीत," तात्या कठड्याकडे बघत म्हणाले. "क्राउनच घेऊ."

शेडमध्ये तात्यांनी ब्रेकचं सांगताच पदू उसळला. "ब्रेक मी सोता खोलून बघितलेत! काय केलंस रं, नामा?"

गप्प राहिलं तर खापर गाडीवर फुटणार होतं, आणि क्राउन येणार होती. बोललं तर आपल्यावर. दोन्हीकडून काम जाणारच. नामाला विचार करायचाही कंटाळा आला.

"मी इंजिन बंद केलं व्हतं. हिचा ब्रेक इंजिनाच्या जोरावर चालतो, ध्यानात नाय राह्यलं."

"घाटात बंद?" तात्या त्याच्याकडे वळले. "म्हणजे आजवर..."

"आजवर बी."

"आणि मी शेजारी बसून डुलक्या काढत होतो!"

"गाडीची चूक नाय, तात्या. दोघींत हीच घ्या."

तात्यांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. "हीच घेतो. पण चालवायला दुसरा माणूस बघावा लागेल, नामा."

"बघा. फकस्त उताराला किल्लीला हात लावू नको म्हनावं."



"कर्जतपर्यंत तरी तूच ने," तात्या हळूच म्हणाले.

नामाने गुडघ्यावर हात टेकून दार उघडलं आणि आत बसला.